पान एकशे त्रेचाळीस

“किटली पिवळी नव्हती. कुठल्या गाढवानं लिहिलंय पिवळी? सायीच्या रंगाची होती, आणि कड हिरवी.”

होल्गेर मास्तर हे स्वतःशीच पुटपुटत होते, पण इतक्या जवळून, की शब्दांबरोबर त्यांच्या तोंडातल्या पेपरमिंटचा वासही गेर्डापर्यंत पोचला.

“सायीचा म्हणजे पिवळाच की हो, मास्तर,” मायलिस म्हणाली.

“साय पांढरी असते.”

“आमच्या गाईची पिवळी असायची.”

“मग गाईला दाखवायला हवं होतं कुणाला तरी.”

गेर्डानं पेन्सिल टेबलावर ठेवली. जरा आपटलीच. साडेअकरा वाजले होते, पुस्तक तीनशे बारा पानांचं होतं, आणि तीन शहाणी माणसं अर्ध्या तासापासून अडतिसाव्या पानावर एका किटलीशी झुंजत होती. मास्तर ती किटली घरून पिशवीत घालून घेऊन आले होते, पुरावा म्हणून. मायलिसनं त्या पुराव्यातच कॉफी उकळत ठेवली होती.

पुस्तक सिग्वार्ड आल्डरग्रेन यांचं चरित्र होतं. क्वार्नहुल्त गावात त्यांना नावानं कुणी ओळखत नसे, ते मालक. ओतीव लोखंडाची एनॅमल चढवलेली भांडी अर्ध्या स्वीडनच्या चुलींवर चढवणारे मालक. कारखाना त्र्याऐंशी साली बंद पडला, मालक त्यानंतर नऊ वर्षांनी गेले, आणि यंदा, दोन हजार नऊ साली, त्यांची जन्मशताब्दी. त्यांच्या मुलीनं शहरातला एक लेखक गाठून चरित्र लिहून घेतलं होतं. छापण्यापूर्वी गावच्या इतिहास मंडळानं ते तपासून द्यायचं. पहिल्याच पानावर छापलं जाणार होतं: ‘या पुस्तकातील तपशील अचूक असल्याचे आम्ही प्रमाणित करतो’, आणि खाली तीन नावं. मास्तर, कारण त्यांना आयुष्यात कुणाची चूक सोडवली नाही. मायलिस, कारण मंडळाच्या खोलीची किल्ली तिच्याकडे असते. आणि गेर्डा ब्रोडीन, कारण ती एकोणतीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसली होती, आणि गावातला प्रत्येक जिवंत-मेलेला माणूस तिला आवाजावरून ठाऊक होता.

तपासणीसाठी मास्तरांनी तक्ता आखून आणला होता. पान, ओळ, चूक, दुरुस्ती, पुरावा. त्यांच्या एकशे तेरा दुरुस्त्या लिहून तयार होत्या. मालक चौदा साली ज्या गाडीनं शाळेला गेले म्हणून लिहिलं होतं, ती गाडी सोळा सालापर्यंत सुरूच झाली नव्हती. कुत्र्याचं नाव चुकलं होतं. कुत्र्याच्या आईचंही.

“मास्तर, कुत्र्याच्या आईनं कुणाचं काय अडतंय?” गेर्डा म्हणाली.

“अचूक म्हणजे अचूक. मग कुत्री असो, नाहीतर बिशप.”

गेर्डाच्या स्वतःच्या तक्त्यात सहाच ओळी होत्या. पाच दिवस तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते बाड वाचलं होतं, आणि वैताग असा होता, की किरकोळ सोडल्या तर त्यात चूक सापडत नव्हती. कारखान्याच्या तारखा बरोबर. माणसांची नावं बरोबर. एक-एक वाक्य धुवून वाळत घातल्यासारखं स्वच्छ. दोनशे एकाव्या पानावर लिहिलं होतं: ‘आल्डरग्रेन यांच्या एकतीस वर्षांच्या कारकिर्दीत कारखान्यात एकही माणूस दगावला नाही.’ हे खरंच होतं. कारखान्यात कुणीच मेलं नव्हतं. सगळे घरी येऊन मेले होते, आपापल्या पलंगावर, उशाशी तीन-तीन उशा लावून, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. आता या वाक्यासमोर दुरुस्तीच्या रकान्यात काय लिहायचं, ते मास्तरांच्या तक्त्यात बसत नव्हतं.

“एकसष्टाव्या पानावर मालकांचे चिरूट आहेत,” मायलिस कॉफी ओतत म्हणाली. “चांगले ब्याऐंशी वर्षं जगले चिरूट ओढून. एकेकाचं नशीब. माझ्या तागेला मात्र सिगारेटींनी नेलं.”

गेर्डानं दालचिनीचा पाव उचलून तोंडात कोंबला, म्हणजे तोंड उघडायला नको. पस्तीस वर्षं ती हे वाक्य ऐकत आली होती. बाजारात, चर्चच्या दारात, पोहण्याच्या तळ्याकाठी. मायलिसचा नवरा तागे दिवसभर वरच्या ओठाखाली तंबाखूची चिमूट धरून असायचा, त्याची गोल डबी त्याच्या पँटच्या खिशाला कायमची गोलाई पाडून गेली होती, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण मायलिसनं सिगारेटी म्हटल्या, की गाव मान हलवायचं. गेर्डाच्या एव्हर्टबद्दल ‘छातीनं गेला’ म्हणत. तेही तसंच.

गावाला शब्द सापडत नव्हता असं नाही. शब्द वाळूघराच्या, म्हणजे ओतकामाचे साचे जिथं वाळूत घडवत त्या शेडच्या, प्रत्येक खिडकीवर बोटभर जाडीचा साचलेला असे.

दोन वाजता ती दोघं आली. लेखक हाम्पुस पस्तिशीचा, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा उत्साह. मालकांची मुलगी मादलेन पन्नाशीची, केस करडे, अंगातला कोट साधा, पण साधेपणा महागाचा.

“मला मादलेनच म्हणा हं,” ती आल्या आल्या म्हणाली. “आणि तूच म्हणा. बाबा असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.”

साऱ्या देशानं एकमेकांना तू म्हणायला लागून चाळीस वर्षं झाली होती. करखात्याचा माणूस तू म्हणायचा, दातांचा डॉक्टर तू म्हणायचा. एका मास्तरांना तेवढं तू म्हणायची गावात अजून कुणी हिंमत केली नव्हती. त्यापूर्वीची रीत मात्र गेर्डाच्या जिभेला अजून आठवत होती. मालकांना ‘तुम्ही’सुद्धा म्हणायचं नाही. ते समोर उभे असले, तरी ते कुणी तिसरेच असल्यासारखं बोलायचं: ‘मालकांना शहराचा फोन जोडून देऊ का? मालक कॉफी घेतील का?’ आणि मालक नुसतं आडनाव घेऊन बोलवायचे, कुत्र्याला शीळ घालावी तसं. कुत्र्याला निदान नाव होतं.

मास्तरांनी तक्ता वाचायला घेतला. गाडी, कुत्रा, कुत्र्याची आई, किटली. हाम्पुस भराभर लिहून घेत होता आणि दर दुरुस्तीला “वा!” म्हणत होता. बाहेर फेब्रुवारीचा उजेड आतापासूनच पातळ व्हायला लागला होता.

“पान एकशे त्रेचाळीस,” मास्तर म्हणाले. “पंधरा फेब्रुवारी अडुसष्ट. नव्या कॅन्टीनचं उद्‌घाटन. लेखक म्हणतो, त्या दिवशी जेवणात हेरिंग मासा होता. साफ चूक. त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. या देशात गुरुवारी हेरिंग कोण वाढतं?”

“वाटाण्याचं सूप!” हाम्पुस म्हणाला. “वा!”

“माझं सगळ्यात आवडतं पान आहे हे,” मादलेन म्हणाली आणि तिनं ते उघडून टेबलाच्या मधोमध ठेवलं.

अर्धं पान फोटोनं व्यापलं होतं. मंडळाची ही खोली म्हणजेच तेव्हाचं ते कॅन्टीन; फोटोत याच खिडक्या. मालक हात पुढे करून हसताहेत. त्यांच्यासमोर एक उंच, सडपातळ माणूस उभा. त्यानं हात दिला आहे, पण चेहरा हसत नाही. उजव्या कडेला तिसऱ्या कुणाचा तरी कोपर, आणि सूपाच्या थाळीवर वाकलेल्या डोक्याचा एक तुकडा. खाली लिहिलं होतं: ‘सारा देश चाचपडत असताना आल्डरग्रेन यांनी स्वतःहून कामगारांना “मला तू म्हणा” असे सांगितले, तो क्षण. उजवीकडे एक कामगार.’

“या माणसाचं नाव खूप शोधलं मी,” हाम्पुस म्हणाला. “वर्तमानपत्रातही नाही. कुणाला आठवतं का?”

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. ते त्या दिवशी शाळेत शिकवत होते, त्यामुळे उत्तर देण्यातून त्यांना सुटका होती. मायलिस उठून खिडकीपाशी गेली आणि सुकलेलं पान नसलेल्या कुंडीतलं सुकलेलं पान शोधू लागली.

तोंडानं सांगायची म्हणून एवढी एकच चूक गेर्डानं पाच दिवसांत पक्की ठरवली होती. ‘एक कामगार’. बाकीचं राहू दे, निदान त्याला नाव मिळू दे.

“एव्हर्ट ब्रोडीन,” ती म्हणाली. “वाळूघरातला. माझा नवरा.”

हाम्पुसचा चेहरा असा उजळला, की गेर्डाला धडकीच भरली.

“ब्रोडीन? एव्हर्ट ब्रोडीन? म्हणजे ई. बी.!” त्यानं पान उलटलं. “अगं, म्हणजे पत्र त्याचंच! मादलेन, आपलं पत्र! फोटोतला माणूस आणि पत्र लिहिणारा माणूस एकच!”

एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर पत्राचं छायाचित्र होतं. टाइप केलेलं. ‘मालकांनी दाखवलेल्या मोठ्या मनाबद्दल मी जन्मभर ऋणी राहीन. त्या दिवशी माझ्या जिभेनं मर्यादा सोडली, ती मालकांनी पोटात घालावी. आज्ञाधारक, ई. बी.’

“बाबांनी हे शेवटपर्यंत टेबलाच्या खणात ठेवलं होतं,” मादलेन म्हणाली. तिनं गेर्डाचा हात हातात घेतला, आणि तिचे डोळे खरोखरच भरून आले होते, हाच तर वैताग होता. “त्यांच्या अंत्यविधीत मी हे वाचून दाखवलं. मला पाठ आहे. आणि तुझा नवरा होता तो! बिचारा, तू म्हणायलाही त्याला किती संकोच वाटला असेल.”

“आता दोन्ही पानं जोडून घेतो,” हाम्पुस लिहितच होता. “ ‘एव्हर्ट ब्रोडीन या साध्या कामगारानं कृतज्ञतेनं…’ ”

गेर्डा त्या पेनाकडे बघत राहिली. एक नाव द्यायला गेले, आणि त्या नावाला मी स्वतःच कुठं नेऊन बांधलं, असं तिच्या मनात आलं.

एव्हर्टला संकोच! त्या गुरुवारी मालकांनी भाषण केलं होतं, की नव्या कॅन्टीनमध्ये हवा खेळती आहे, मोठे पंखे आहेत. वाळूघराला पंखे मिळावेत म्हणून तीन वर्षं अर्ज पडून होता. एव्हर्ट चमचा ठेवून उभा राहिला आणि भरल्या पंगतीत मालकांना म्हणाला, “तू एकदा वाळूघरात ये, आणि तिथली हवा खाऊन बघ.” तू! दोनशे माणसांचे चमचे हवेत थांबले. टेलिफोनच्या मुली शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. गेर्डाला तो शब्द ऐकून पहिल्यांदा लाज वाटली होती, नवऱ्याची लाज, आणि तेच तिला इतक्या वर्षांत सर्वांत जड गेलं होतं. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार तिथंच होता. मालक हुशार माणूस. त्यांनी क्षणभर ओठ आवळले, मग हात पुढे केला: “ठीक आहे. आजपासून तू तर तू. मी सिग्वार्ड.” आणि दिवा लखलखला.

सोमवारी कारखान्याच्या चाळीतली खोली महिनाअखेर खाली करायची नोटीस आली. कारण लिहिलं नव्हतं.

एव्हर्ट म्हणाला, “जाऊ. योटेबोरीत भाऊ आहे, गोदीत काम मिळेल. समुद्राची हवा तरी असेल.”

गेर्डाला योटेबोरी नको होतं. तिला ही खोली हवी होती, खिडकीतलं सफरचंदाचं झाड हवं होतं, टेलिफोन बोर्ड हवा होता. बुधवारी दुपारच्या सुट्टीत तिनं बोर्डाच्या खोलीतल्या टाइपरायटरवर कागद चढवला. चार ओळी लिहिल्या आणि मालकांच्या टपालात सरकवल्या.

शनिवारी एव्हर्ट घरी आला तेव्हा ती बटाटे सोलत होती.

“मालक फाटकात भेटले,” तो म्हणाला. “खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पत्र पोचलं, ब्रोडीन, झालं गेलं विसरू. कसलं पत्र?”

“कुणास ठाऊक,” गेर्डा म्हणाली.

तो बराच वेळ बटाट्यांकडे बघत होता. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. खोली राहिली, नोकरी राहिली, वाळूघर राहिलं. आणखी पाच वर्षं. एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला. सफरचंदाचं झाड तेव्हा फुलावर होतं.

“थांब,” गेर्डा हाम्पुसला म्हणाली. “ते पत्र त्यानं लिहिलेलं नाही.”

“पण खाली सही… म्हणजे अक्षरं आहेत ना.”

“अक्षरं काय, मलाही येतात. मी लिहिलंय ते. त्याला न विचारता.”

मादलेननं हात सोडला नाही, पण तो हात आता नुसता हातावर पडून राहिला.

“पुरावा?” मास्तर म्हणाले. मग आपणच काय बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “म्हणजे… तक्त्यात तसा रकाना आहे, म्हणून.”

“बघा ना पत्राकडे,” गेर्डा वैतागून म्हणाली. “भिंग आहे ना तुमच्याकडे? आमच्या मशीनवर ‘å’ अक्षराच्या डोक्यावरचं वर्तुळ उमटत नव्हतं. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणायचा, तो अजून यायचाय. मी पेन्सिलीनं काढायची ती वर्तुळं.”

मास्तरांनी भिंग काढलं. पत्रावर धरलं. मग गेर्डाच्या तक्त्यातल्या सहा ओळींवर धरलं. पत्रातली वर्तुळं पुरती मिटलेली नव्हती. प्रत्येकाला डावीकडे फट होती, घोड्याच्या नालेसारखी. तक्त्यातल्या वर्तुळांनाही तशीच फट होती. एक्केचाळीस वर्षांत तिचं एकही वर्तुळ मिटलं नव्हतं.

“मान्य,” मास्तर हळू म्हणाले.

“पण का?” मादलेननं विचारलं. “बाबांनी तर हात पुढे केला होता. मग माफी कशाची?”

गेर्डानं सांगितलं. एव्हर्ट जे बोलला ते, शब्दाला शब्द. पंखे, वाळूघर, नोटीस, बटाटे. हाम्पुसचं पेन पहिल्यांदाच थांबलं होतं.

“पण,” तो चाचरत म्हणाला, “दोनशे एकाव्या पानावर… तिथं कुणीही दगावलं नाही. मी सगळी नोंदपुस्तकं पाहिली आहेत.”

“मीही पाहिली,” मास्तर खाली बघत म्हणाले. “ते बरोबर आहे.”

“बरोबर आहे!” गेर्डा ओरडलीच. “सगळंच बरोबर आहे! कुत्र्याची आईसुद्धा बरोबर झाली! मला एक सांगा, बरोबर असलेलं वाक्य खोडायचं असलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं?”

मादलेनचा चेहरा पांढरा पडला होता. ती वाईट बाई नव्हती. वडिलांची मुलगी होती, एवढंच. तिनं आधारासाठी इकडे तिकडे पाहिलं, आणि खिडकीपाशी उभ्या मायलिसवर तिची नजर थांबली.

“मी लहान होते, मला एवढं कळत नव्हतं,” ती म्हणाली. “पण गेर्डाच्या नवऱ्याला छातीचा त्रास होता, असं घरी ऐकलं होतं. आणि मायलिस, तुझ्या नवऱ्याला तर… तूच सांगत आली आहेस ना, सिगारेटी…”

मायलिस कुंडीपासून वळली. सवयीनं तिची मान हलायला लागली होती. ती मध्येच थांबली. ती टेबलापाशी आली, किटली उचलली, कुणाच्याही कपात न ओतता खाली ठेवली. मग तिनं एकशे त्रेचाळिसावं पान स्वतःकडे ओढलं आणि फोटोच्या उजव्या कडेला, सूपावर वाकलेल्या त्या माणसाच्या कोपरावर बोट ठेवलं. स्वेटरच्या बाहीवर कोपराशी एक ठिगळ होतं, पानाच्या आकाराचं.

“हे ठिगळ मी लावलेलं,” ती म्हणाली. “तागे आहे हा. एव्हर्टच्या शेजारीच बसला होता. एव्हर्ट उभा राहिला तेव्हा यानं मान खाली घातली, ती मग वर केली नाही.”

बोट तिथंच होतं.

“मास्तर, लिहून घ्या,” ती म्हणाली. “माझ्या तागेनं जन्मात सिगारेट ओढली नाही. धुळीनं गेला तो. दोघंही धुळीनं गेले.”